मामाचा आहेर

खामगाव, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुधाकरमामा,

साष्टांग नमस्कार. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं नुसते ओरडतो आणि शेवटी शैलजामामी तो काढून घेतात. धवलदादाने बेंगळुरूहून पाठवलेलं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये सुखाने झोपलंय हेही मला कळलं आहे. तेव्हा ईमेलच बरा. तुम्हाला पत्र आवडतंच.

बातमी अशी की माझ्या ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्या! दर आठवड्याला जिल्ह्यातल्या एकेका गावचा बाजार फिरायचा आणि 'बाजाराचा दिवस'वर लिहायचं, हे इतके दिवस हौसेखातर चाललं होतं. आता त्यातून दोन पैसे येतील. पत्ता खरा आहे का ते बघायला जाहिरात कंपनी टपालाने एक आकडा पाठवते. ते पाकीट गावी, बीबीच्या घरी गेलं. बाबांनी न फोडता देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि मला फोन केला, "इंग्रजी पाकीट आलं हाय वं. कोर्टाचं तं नाही? तुह्या मामाले इचारू का?"

मामा, तुम्हाला म्हणून सांगते. बाबांशी माझं ठरलंय की खामगावात राहायचं तर स्वतःच्या कमाईवर, घरून काही मागायचं नाही. जमलं नाही तर गुपचूप बीबीला परत. इथल्या जिनिंग मिलच्या ऑफिसात मी कापसाच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या चढवते. सिझनमध्ये रांग हलत नाही, सुट्टी मिळेल त्या दिवशी कसाबसा एक बाजार होतो. मला हे सोडून नुसतं लिहून जगायचंय. जगता येतं की नाही, एकदा बघायचंच आहे.

पण आत्ता तरी हाल आहेत. लेखाच्या मधे आणि शेवटी जाहिरात येते. ती नुसती दिसली तर कवडी मिळते, वाचणाऱ्याने तिच्यावर बोट ठेवलं तर जरा बरं. मी स्वतः दाबलेलं चालत नाही, लगेच खातं बंद. त्यामुळे मी आपली बघत बसते. पावती, मोबाइल, पावती, मोबाइल. काल एका गाडीचं वजन दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावावर चढवलं आणि बोलणी खाल्ली. जेवताना बघते, आंघोळीहून आले की बघते. आकडा हलत नाही, आणि मला मात्र एका जागी बसवत नाही.

तुम्ही वाचता ना? खरं सांगा.

तुमची,
सुचिता

---

बुलढाणा, ३० नोव्हेंबर २०२४

चि. सुचितास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. वाचतो का, हा प्रश्न तू मला विचारावास? उभी हयात कोर्टात दुसऱ्यांची भांडणे वाचण्यात गेली. आता भाचीचे लिहिलेले वाचायला मिळते, तर सोडीन काय? बैल बांधायची दावी विकणाऱ्या बाईवरचा लेख तर मी तीनदा वाचला. बैल गरीब आहे का मारका, हे विचारल्याशिवाय ती दावे हातात देत नाही, हे फार आवडले. आमच्या कोर्टात जामीन देताना इतकी चौकशी होत नसे.

तुझ्या लेखाखाली मला गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दिसते. माझे गुडघे दुखतात हे त्या कंपनीस कोणी कळवले? तुझ्या मामीने कळवले नाही, मी विचारून घेतले आहे.

तू लिहितेस की स्वतः दाबलेले चालत नाही. रास्त आहे. स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर करत नाही कोणी. त्यासाठी मामा असतो. सबब तू आकड्याकडे बघत बसू नकोस, शेतकऱ्यांची वजने नीट चढव आणि लिहीत राहा.

सकाळी बगिच्यात आमची बैठक नित्य असते. शंकरराव गुरुजी, दयाराम, तानाबाई, आणखी चार-सहा टाळकी. सर्वांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत. श्रवणयंत्राबाबत धवलला काही कळवू नये.

तुझा,
सुधाकरमामा

---

खामगाव, १२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

बुलढाणा! मामा, बुलढाणा!

ब्लॉगवर एक नकाशा असतो, कुठून किती जण वाचतात ते दाखवणारा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून त्यात बुलढाणा नुसतं फुगत चाललंय. पुणं, मुंबई मागे. मी आधी म्हटलं काहीतरी बिघाड असेल. पण रोज सकाळी, अगदी ठरल्या वेळी, आणि वाचून झाल्यावर जाहिरातीही दाबतात! मागच्या महिन्यात माझा खोलीभाड्याचा खर्च त्यातून निघाला. या महिन्यात किराण्याचाही निघेल असं दिसतंय. पैसे ठराविक रक्कम साठली की मगच खात्यात येतात, पण आकडा तर समोर दिसतोच.

माझ्या लक्षात येऊ लागलंय की हे कोण असतील. कॉलेजची मुलं असतील, जिल्ह्याच्या ऑफिसांत कामाला आलेली माणसं असतील. आपापल्या गावचा बाजार आठवत असेल त्यांना. मामा, आपल्याच जिल्ह्यात आपले इतके वाचक असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. परवा रस्त्याने चालताना मी चक्क एकटीच हसत होते.

तर मी नोकरी सोडायचं म्हणतेय. जिनिंगच्या शेठना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "पोरी, सिझन चालू हाय. आता कोनी काम सोडते का? गेली तं परत घेनार नाही, सांगून ठेवतो." बाबा म्हणाले, "पाय बा तुहं तू," आणि फोन ठेवला. आई रडली. मला झोप येत नाही. एकदा वाटतं आत्ता नाही तर कधीच नाही, एकदा वाटतं वेड लागलंय मला. आठवड्याला एक बाजार करून बुलढाणा एवढं वाचतं, तर तीन केले तर काय होईल?

तुम्ही कोर्टात माणसं पाहिलीत. हे भरवशाचं आहे का? तुमचा शब्द मी मानीन.

सुचिता

---

बुलढाणा, १५ जानेवारी २०२५

चि. सुचितास आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले. मामीला वाचून दाखवले, तिने देवापुढे साखर ठेवली.

नोकरीचे तुझे तू ठरव. मी जन्मभर एकच नोकरी केली, त्यामुळे सोडण्याचा मला अनुभव नाही. शेठचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नाही. एखादा महिना थांबून बघता येईल का, याचाही विचार कर. मात्र तू भरवशाचे विचारतेस म्हणून लिहितो. पुण्या-मुंबईचे मला ठाऊक नाही. बुलढाण्याचा जामीन मी आहे.

शेगावच्या बाजारावर केव्हा लिहितेस? तानाबाईंचे माहेर तिकडचे, त्या रोज विचारतात.

तुझा,
सुधाकरमामा

---

खामगाव, २ मार्च २०२५

मामा,

जाहिरातींचं खातं बंद झालं. आज सकाळी कंपनीचा ईमेल आला. जाहिरातींवर 'अवैध क्लिक' झाले, ते हेतुपुरस्सर केलेले दिसतात, म्हणून खातं कायमचं बंद, आणि न दिलेले पैसेही मिळणार नाहीत. ते जाहिरातदारांना परत जाणार. यात जिच्या जिवावर मी नोकरी सोडली ती सगळी कमाई गेली. फेब्रुवारीभर मी आठवड्याला तीन-तीन बाजार केले, मामा. पाय सुजले, तरी रोज रात्री लिहून काढलं.

मी काहीच केलेलं नाही. कोणीतरी मुद्दाम केलंय. असं करतात म्हणे, दुसऱ्याचा ब्लॉग बुडवायला सारखं त्याच्या जाहिराती दाबत बसतात. माझ्याशी कोणाचं वैर असेल? दिवसभर तेच डोक्यात आहे. जिनिंगमधली एक मुलगी होती, तिचाही संशय आला. मग स्वतःचीच लाज वाटली.

एकदा अपील करता येतं. काय झालं ते नेमकं सांगा, असं विचारलंय. काय सांगू? तुम्हाला अशा कागदांची सवय आहे. लवकर कळवा. खोलीचं भाडं द्यायची वेळ झाली आहे आणि बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

सुचिता

---

बुलढाणा, ५ मार्च २०२५

चि. सुचितास आशीर्वाद.

काळजीचे कारण नाही. तुझ्याविरुद्ध कोणीही कट केलेला नाही. ते आम्ही होतो.

तुला कधी सांगणार नव्हतो. आहेर करणाऱ्याने तो मोजून दाखवू नये. पण आता प्रकरण अपिलात गेले आहे, तेव्हा सत्य मांडणेच हिताचे. तुझे पहिले पत्र आले त्याच आठवड्यात मी बैठकीत विषय काढला. शंकरराव गुरुजी लगेच म्हणाले, "पोरगी आपली हाय. बोट ठेवाले काय पैसे पडते का?" त्या दिवसापासून ज्याच्या-ज्याच्याकडे मोबाइल आहे तो दररोज सकाळी तुझ्या जाहिरातींवर बोट ठेवत आला. अवकाळी पाऊस आला तरी बगिच्यातल्या छपराखाली बसून ठेवले. दयाराम बहिणीकडे अकोल्याला गेला होता, तेथूनही त्याने खाडा केला नाही. धवलच्या लग्नात तुझ्या वडिलांनी आमच्या दारी गाडीभर धान्य आणून टाकले होते. मला तुझ्यासाठी दुसरे काय करता येणार होते?

यात चोरी कसली? कंपनीचा गैरसमज असा झालेला दिसतो की एखादे यंत्र लावून हे केले. तो दूर करणे सोपे आहे. मी स्टॅम्पपेपर आणून रीतसर शपथपत्र केले आहे, सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत, तानाबाईंनी अंगठा दिला आहे, आणि नोटरीही केले आहे. सोबत त्याचा फोटो जोडतो. तू तो अपिलास जोड. मजकूर असा:

"आम्ही खाली सह्या करणार, सर्व राहणार बुलढाणा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर जाहिरातींवर आम्ही स्वखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, दररोज बोट ठेवले. अर्जदार ही सुधाकर यांची सख्खी भाची असून तिचा उदरनिर्वाह व्हावा एवढाच आमचा उद्देश होता."

इतके स्पष्ट लिहून दिल्यावर कोणतेही न्यायालय अपील फेटाळणार नाही. निर्धास्त राहा.

तुझा,
सुधाकरमामा

---

खामगाव, १२ मार्च २०२५

मामा,

तुमचं शपथपत्र वाचून मला आधी हसू आलं. मग मी खूप वेळ रडले.

तो कबुलीजबाब आहे, मामा. त्यांनी ज्याचा संशय घेतला, तेच तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंत. नातेवाइकांनी पैसे मिळावेत म्हणून दाबणं, यालाच ते अवैध म्हणतात. ज्याची जाहिरात आहे तो पैसे मोजतो ते कोणाला तरी त्याची वस्तू हवी आहे म्हणून, तुमची भाची आहे म्हणून नाही. मी जे खरं होतं ते अपिलात लिहिलं. नामंजूर झालं. दुसरं लिहिलं असतं तरी झालंच असतं.

पण राग त्याचा नाही. काल मी सगळे आकडे काढून बसले आणि त्यातून बुलढाणा वजा केलं. खाली जे उरलं त्यात बाजारांना जाण्यायेण्याचं एसटीचं भाडंसुद्धा निघत नाही. म्हणजे उत्तर तर मला डिसेंबरातच मिळालं असतं. मी, बाजारांवर ब्लॉग लिहिणारी मुलगी, जाहिरातींवर जगू शकत नाही. एवढंच कळायचं होतं. नोकरी हातात असताना कळलं असतं, चार दिवस वाईट वाटलं असतं, आणि मी पावत्या चढवत राहिले असते. तुम्ही ते उत्तर झाकून ठेवलंत. मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, भरवशाचं आहे का. तुम्ही जामीन राहिलात! एक ओळ लिहिली असतीत, की बाळ, ते आम्ही आहोत, तर मी नोकरी सोडली नसती.

आणि ती कॉलेजची मुलं. ऑफिसातली माणसं. मी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होते, मामा. ती नव्हतीच. माझं कोणी वाचतच नव्हतं. नुसती बोटं होती.

आज शेठकडे गेले होते. सिझन संपत आलाय, ते म्हणाले दिवाळीनंतर बघू. या महिनाअखेर खोली सोडतेय.

काही दिवस मला लिहू नका.

सुचिता

---

बुलढाणा, २० एप्रिल २०२५

चि. सुचितास आशीर्वाद.

तू लिहू नका म्हणालीस ते पाळले. तुझ्या आईकडून कळले की तू बीबीला परत गेलीस आणि ब्लॉगवर त्यानंतर काही लिहिलेले नाहीस. मार्चपासून मी रोज उघडून पाहतो.

तुझे म्हणणे सर्व खरे आहे. जानेवारीत तुझे पत्र आले तेव्हा मी घाबरलो होतो. एक महिना थांब असे जे लिहिले, ते त्या भीतीपोटीच. पुढचे लिहायला हात धजला नाही, कारण तू फार आनंदात होतीस. मला तुझा आनंद मोडवला नाही. त्याची किंमत तुला मोजावी लागली. माझे चुकले, सुचिता. यावर माझ्याकडे बचाव नाही.

पण तुझ्या पत्रातले एक विधान मला मान्य नाही. नुसती बोटं होती, असे तू लिहिलेस. ते खोडून काढणे मला भाग आहे.

आमच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून नियम होता की न वाचता बोट ठेवायचे नाही. फुकटाचा आहेर नको, असे शंकररावच म्हणाले. म्हणून ते रोज उभे राहून मोठ्याने वाचत. शाळेत वाचत तसे, हातवारे करून. नवा लेख नसला तर जुना काढत. सगळे संपल्यावर मग मोबाइल बाहेर निघत. मला यातले एक अक्षर ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी घरूनच वाचून जात असे. तिथे मी सर्वांच्या समोर बसत असे आणि तोंडे बघत असे. आता दाव्याची बाई आली असणार, हे मला दयारामच्या तोंडावरून कळे, कारण तो आधीच हसायला लागे. त्याच्याकडे एक मारका बैल होता. मेहकरच्या बाजारातली चिंच विकणारी म्हातारी आली की तानाबाई पदराने डोळे पुसत. का पुसतात ते त्यांनी कधी सांगितले नाही. गुडघ्याच्या तेलाची बाटली तर दयारामने खरोखर मागवली आणि आता शिव्या देतो.

जाहिराती गेल्या त्या दिवशी मी बगिच्यात जाऊन सांगितले की आता बोट ठेवायचे काम नाही, बैठक पूर्वीसारखी गप्पांची. कोणी हलले नाही. शंकररावांनी मला ऐकू जावे म्हणून कानाशी येऊन ओरडून सांगितले, "जाहिरात गेली तं गेली. वाचाले काय झालं बे?" आणि त्यांनी वाचायला घेतले. अजून वाचून राहिले आहेत. तुझे सर्व लेख दोनदा झाले. तानाबाई परवा म्हणाल्या असे मला चिठ्ठीवर लिहून दाखवण्यात आले, "पोरगी आजारी हाय का? काऊन लिहीत नाही?"

तुझे पोट यातून भरणार नाही, हे आता मला कळते. तू लिहावेस असे म्हणण्याचा मला हक्क उरलेला नाही. पण तुझे कोणी वाचत नव्हते, ही नोंद चुकीची आहे, आणि चुकीची नोंद तशीच ठेवणे मला जमत नाही.

तुझा,
सुधाकरमामा

---

बीबी, ४ मे २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र दोन आठवडे तसंच ठेवलं. रोज उत्तर लिहायला बसत होते आणि रोज उठून जात होते.

पुढच्या आठवड्यापासून इथल्या कृषी केंद्रात बिलं करायला जाणार आहे. पेरणीच्या दिवसांत त्यांना माणूस लागतोच. पगार जिनिंगपेक्षा कमी आहे. बाबांनी माझी सायकल दुरुस्त करून आणली. दिवाळीनंतर शेठने घेतलं तर पुन्हा खामगाव, नाही तर इथेच. जाहिरातींवर जगायचा विषय मी मिटवलाय. राग अजून थोडा आहे, खोटं कशाला सांगू. पण तो आता रोज येत नाही.

काल इथला बाजार होता. वही नाही, फोटो नाही, नुसती भाजीला म्हणून गेले. आणि मामा, मला एकदम जाणवलं की हिवाळाभर मी बाजारात असताना बाजार बघतच नव्हते. माणूस बोलत असायचा आणि माझा हात खिशातल्या मोबाइलवर, आकडा किती झाला म्हणून. फेब्रुवारीत लिहिलेले ते तीन-तीन लेख मी काल पुन्हा वाचले. वाईट आहेत. तुमच्या बैठकीतही त्यांना कोणी हसलं नसेल. हसलं का? खरं सांगा. तुम्ही तोंडं बघत होतात, तुम्हाला माहीत असणार.

दाव्याची बाई काल बसली होती. मला बघून म्हणाली, "कुठी गेल्ती वं एवढे दिवस?" मी म्हटलं, काम सुटलं. तिने बाजूचं पोतं झटकलं, मला बसायला जागा केली आणि गिऱ्हाइकाला विचारायला लागली, बैल कसा हाय. मी बसून राहिले. पहिल्यांदाच मला कुठे जायची घाई नव्हती. घरी आले आणि लिहून काढलं. ते ब्लॉगवर टाकलेलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने बुलढाण्याला येते. सरळ बगिच्यात येईन. शंकररावांना सांगा, त्या दिवशी त्यांनी खाली बसायचं, मी वाचणार आहे. तानाबाईंना सांगा, पोरगी आजारी नाही. आणि तुम्ही ते श्रवणयंत्र ड्रॉवरमधून काढा, कानात घाला आणि माझ्या अगदी समोर बसा. एवढे दिवस तुम्ही सगळ्यांची तोंडं पाहिलीत, या वेळी तुमचं तोंड मला बघायचंय.

आवडलं नाही तर तोंडाने सांगा. बोट मात्र कशावरही ठेवू नका.

तुमची,
सुचिता